गोल्फ क्लबवरची पहाट आणि फुप्फुसांचा हिशेब

डिसेंबरात पहाटे साडेपाचला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर जा. कानटोप्या-मफलरवाली मंडळी फेऱ्या मारत असतात आणि वळणावर कुणीतरी छाती भरून श्वास घेत म्हणतंच, "सकाळची हवा म्हणजे अमृत!" हवा गार असते, यात वाद नाही. स्वच्छ असतेच असं नाही.

थंडीच्या रात्री जमीन निवते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर मात्र उबदार थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ट्रकचा धूर, रस्त्याकडेच्या शेकोट्या, पेटवलेला पालापाचोळा, सगळं या झाकणाखाली कोंडतं. ऊन तापून जमीन गरम होईपर्यंत झाकण हलत नाही, आणि थंडीत त्याला नऊ-साडेनऊ वाजतात.

आता या हवेत पळू लागलो तर काय होतं? स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ७ लिटर हवा आत घेतो. पळताना ती सहज ६० लिटरच्या वर जाते. म्हणजे अर्ध्या तासाच्या पळण्यात जेवढी हवा छातीत जाते, तेवढी बसून घ्यायला चार तासांहून जास्त लागतील. हवेतले कणही त्याच प्रमाणात आत येतात. शिवाय दम वाढला की आपण तोंडानं श्वास घेतो आणि नाकातले केस व शेंबूड यांची चाळणी चुकते. (शेंबडाला आपण उगाच नावं ठेवतो.) अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण भार वाढला की आतून सूज येते.

मग व्यायाम सोडायचा का? इथेच गंमत आहे. नियमित व्यायाम हीच सूज कमी करतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचे कण दिलेल्या उंदरांना पाच आठवडे पळवलं, तर त्यांच्या फुप्फुसांतला दाह न पळणाऱ्या उंदरांपेक्षा कमी निघाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य.

माणसांवरचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. लंडनमध्ये साठीपुढच्या लोकांना दोन तास चालवलं: एकदा हाइड पार्कमध्ये, एकदा बस आणि टॅक्सींनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. बागेत चालल्यावर फुप्फुसांची कार्यक्षमता वाढली आणि दुसऱ्या दिवशीही टिकली. रस्त्यावर चालल्यावर हा फायदा बराचसा विरून गेला. चालणं तेच, पाय तेच.

२०१६ च्या एका गणिती अभ्यासानं नफा-तोट्याची रेघही आखून पाहिली. हवेतल्या अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तर रोज दीड तासापुढच्या सायकलिंगनं फायद्यापेक्षा तोटा जास्त. चालण्याला मात्र ती मर्यादा दहा तासांपुढे. एवढं कोण चालतंय!

म्हणून माझं मत असं की थंडीत वेळ आणि वाट बदलावी, व्यायाम नव्हे. द्वारका चौकातून पळण्यापेक्षा आतल्या गल्लीनं जा. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत सरकलं तरी वाहनांच्या ताज्या धुरातले अतिसूक्ष्म कण बरेच घटतात. जमलं तर ऊन वर आल्यावर बाहेर पडा. दम्याच्या माणसाला गार हवा आणि धूर यांची जोडगोळी जास्त छळते, त्यानं धुरकट पहाटे घरातच हातपाय हलवलेले बरे.

एप्रिल-मे उजाडला की मात्र हिशेब फिरतो. कडक उन्हात वाहनांच्या धुरातल्या वायूंपासून ओझोन तयार होतो, दुपारी त्याचा जोर असतो आणि तोही श्वासनलिकांना झोंबतो. तेव्हा पहाटे साडेपाचची कानटोपीवाली मंडळीच, आता कानटोपीविना, बरोबर वेळेला आलेली असतात.