अश्शूरचा बंदिवास आणि बाबेलचा बंदिवास

इस्राएल लोक बंदिवासात गेले आणि सत्तर वर्षांनी देवाने त्यांना परत आणले, असे आपण सहज बोलून जातो. त्यात दोन निराळ्या घटनांची सरमिसळ आहे. सत्तर वर्षे फक्त एकीला, बाबेलच्या बंदिवासाला, लागू पडतात, आणि परतीची वाटही.

शलमोनानंतर राज्य दुभंगले. उत्तरेकडे दहा वंशांचे इस्राएल, राजधानी शोमरोन; दक्षिणेकडे यहूदा, राजधानी यरुशलेम. शोमरोन अश्शूरने (असिरियाने) इ.स.पू. ७२२ च्या सुमारास घेतले, यरुशलेम बाबेलने (बॅबिलोनने) ५८६ च्या सुमारास. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

अश्शूरची रीत मुळांवरच घाव घालणारी होती. शोमरोनातून २७,२९० माणसे नेल्याचे सर्गोन राजाने आपल्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. हलह, हाबोर नदीचा परिसर, मेदी लोकांची नगरे अशी त्यांची पांगापांग झाली. रिकाम्या जागी बाबेल, कूथा, हमाथ इथली माणसे आणून वसवली. जमीनही गेली आणि सोबतही. या लोकांना परत पाठवणारा कोणताही राजाचा हुकूम शास्त्रात नोंदलेला नाही. तरी सगळेच गेले असेही नाही: पुढे यहूदाच्या हिज्कीया राजाने वल्हांडण सणाचे निमंत्रण उत्तरेत धाडले, तेव्हा बहुतेकांनी थट्टा केली, पण आशेर, मनश्शे आणि जबुलून वंशातले काही जण नम्र होऊन यरुशलेमेला आले.

बाबेलने लोक नेले ते टप्प्याटप्प्याने, आणि त्यांना बऱ्याच अंशी एकत्र राहू दिले. यहूदात परके आणून वसवले नाहीत. खबार नदीकाठी यहेज्केल संदेष्ट्याच्या घरी वडीलजन येऊन बसत. बंदीत पडलेल्या यहूदाच्या यहोयाखीन राजाला आणि त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद बाबेलच्या मातीच्या पाट्यांवर सापडली आहे. यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून या लोकांना पत्र धाडले: घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. माझ्या मते देवाची काळजी इथे सगळ्यात ठळक दिसते. सुटका अजून कुठेच नाही, आणि तरी शत्रूच्या नगरात जगण्याची सोय लावली जाते. यहेज्केलाच्या तोंडून तर देव म्हणतो की, त्या परक्या देशांत थोडा काळ मीच त्यांचे पवित्रस्थान झालो. यरुशलेमेचे मंदिर अजून उभे होते तेव्हाचे हे वचन आहे.

मग पारसाचा राजा कोरेश आला. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पडले आणि पुढच्याच वर्षी परतीची मुभा मिळाली. एज्राच्या पुस्तकात पहिल्या परतणाऱ्यांची संख्या ४२,३६० आहे, दासदासी वेगळे. या कोरेशाचा मातीचा लेख १८७९ मध्ये सापडला. त्यात यहूदाचे नावसुद्धा नाही, आणि आपल्या विजयाचे श्रेय तो मार्दूक या बाबेली दैवताला देतो. यामुळे काहींची श्रद्धा डळमळते. ती का डळमळावी, मला समजत नाही. तू मला ओळखत नव्हतास तरी मी तुला नावाने हाक मारली, असे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव कोरेशाला आधीच सांगतो. त्याला ‘माझा मेंढपाळ’ही म्हणतो. ज्याला आपण कोणाचे काम करतो आहोत याचा पत्ता नाही, त्याच्याही हातून कळप घरी येतो. सार्वभौम म्हणतात ते याला.

पण सार्वभौमत्वाची खूण फक्त परतीत शोधली, तर उत्तरेचे दहा वंश देवाच्या हातून निसटले असेच म्हणावे लागेल. संदेष्टे तसे म्हणत नाहीत. शोमरोन पडण्याच्या आधीच आमोसाने सांगितले होते की, देव इस्राएलाला सर्व राष्ट्रांत चाळणीने चाळील, पण एकही दाणा जमिनीवर पडणार नाही. यहेज्केलाला दोन काठ्या घ्यायला सांगितले, एक यहूदाची, एक योसेफाची म्हणजे उत्तरेची, आणि त्या हातात जोडून एक करायला. तोवर उत्तरेचे राज्य जाऊन शतक उलटले होते. एफ्राइमाचे, म्हणजे उत्तरेच्या वंशांचे, कोण कुठे आहेत हे कोणालाच धड सांगता आले नसते, तरी अभिवचनात त्यांचे नाव कायम होते.

परतलेल्यांनीही तो हिशेब सोडला नाही. ते मुख्यतः यहूदा, बन्यामीन आणि लेवी वंशांचे होते. तरी नव्या मंदिराच्या समर्पणाला पापार्पण म्हणून त्यांनी बोकड वाहिले ते बारा, इस्राएलाच्या वंशांच्या संख्येप्रमाणे.