बहुमितीय बिंदूंची निकटतम जोडी (पायथन)

दिलेल्या बिंदूंपैकी एकमेकांच्या सर्वांत जवळचे दोन बिंदू शोधणे, हा संगणकीय भूमितीतला जुना प्रश्न. बिंदू म्हणजे कागदावरचा ठिपकाच असे नाही. नाशिकच्या बागायतदाराचा द्राक्षाचा प्लॉटही बिंदू होतो. ब्रिक्स या साखरेच्या एककात गोडी, मण्याची जाडी, घडाचे वजन अशी तीन मापे घेतली की तो त्रिमितीय. आम्लता, वेलीचे वय जोडत गेले की मिती वाढतात.

प्रत्येक जोडी तपासणे ही साधी रीत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत इटरटूल्स मॉड्यूलच्या काँबिनेशन्सने जोड्या काढून मॅथ.डिस्टने (आवृत्ती ३.८ पासून) अंतर मोजले की झाले. पण १०,००० बिंदूंच्या जोड्या ४,९९,९५,००० होतात. सायपाय या पायथनच्या वैज्ञानिक गणनेच्या लायब्ररीतले पीडिस्ट फंक्शन हे झपाट्याने करते, मात्र तेवढी अंतरे मेमरीत सुमारे ४०० मेगाबाइट जागा खातात.

शेमॉस आणि होई यांनी १९७५ मध्ये प्रतलावरील बिंदूंसाठी ‘एन लॉग एन’ वेळात (एन म्हणजे बिंदूंची संख्या; सगळ्या जोड्या तपासण्यापेक्षा खूपच कमी) उत्तर देणारी रीत मांडली. त्याच वर्षी बेंटली यांचा के-डी ट्री, म्हणजे जागेचे भाग पाडत बिंदू मांडून ठेवणारी रचना, आला. पायथनवाल्यांचा हात सहसा त्याच्याकडेच जातो. सायपायच्या केडीट्रीकडे प्रत्येक बिंदूचे दोन शेजारी मागायचे, कारण पहिला शेजारी तो स्वतःच असतो, अंतर शून्य. नवखा इथे हमखास फसतो. मिती वीसच्या घरात गेल्या की ट्रीचा फायदा फारसा उरत नाही.

खरी मेख एककांत आहे. समजा, तीन प्लॉट आहेत: पहिला १८ ब्रिक्स, १७ मिमी, ४०० ग्रॅम, दुसरा १८.२, १७.१, ४३०, तिसरा २२, १४, ४०५. द्राक्षे चाखणारा कोणीही पहिल्या दोघांची जोडी लावेल. पायथन मात्र पहिला आणि तिसरा निवडतो: त्यांच्यातले अंतर ७.०७, तर पहिल्या दोघांतले ३०. वजन किलोत लिहा, तेच आकडे ५ आणि ०.२३ होतात आणि जोडी बदलते. गणित दोन्ही वेळा बरोबरच.

म्हणून प्रत्येक मापाच्या स्तंभातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाने, भागतात. त्यातही एखाद्या प्लॉटचे वजन ४०० ऐवजी चुकून ०.४ नोंदले गेले, तर विचलन फुगते आणि बाकीचे सगळे प्लॉट वजनाला जवळपास सारखेच दिसू लागतात.