व्हिडिओ गेम डिझाइनचे विद्यापीठीय शिक्षण

व्हिडिओ गेमचे नियम, उद्दिष्टे, अडथळे आणि बक्षिसे यांची रचना कशी करावी, हे पदवी किंवा पदव्युत्तर पातळीवर शिकवणारी विद्याशाखा. ‘गेम बनवायला शिकणे’ असा तिचा सैल अर्थ लावला जातो आणि प्रवेश घेणाऱ्या अनेकांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. गेम बनवण्यात प्रोग्रॅमिंग, चित्रकला, ॲनिमेशन, ध्वनी, व्यवस्थापन असे बरेच काही येते. उडी किती उंच जावी, शत्रू किती फटक्यांत मरावा, हरलेल्या खेळाडूला किती मागे पाठवावे, हे ठरवणे म्हणजे डिझाइन. उडीचे चित्र एक जण काढतो, कोड दुसरा लिहितो. ती उडी पुन्हा मारावीशी का वाटेल, हा प्रश्न डिझायनरचा.

विद्यापीठ आणि व्हिडिओ गेम यांचे नाते अभ्यासक्रमांपेक्षा बरेच जुने आहे. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या साथीदारांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ हा दोघांनी खेळायचा गेम तयार केला. पुढे त्यात पडद्याच्या मधोमध गुरुत्वाकर्षण असलेला तारा आला आणि नुसत्या गोळीबाराच्या जागी ताऱ्याला वळसा घालून वेग मिळवण्याचे डावपेच सुरू झाले. एका नियमाने सगळा खेळ कसा पालटतो याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पण ही शिकवण्याची गोष्ट आहे असे कोणाला वाटायला आणखी तीन दशके लागली.

कॅनडातील व्हँकूवर येथे डिजिपेन या संस्थेने निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या अमेरिकी शाखेच्या सहकार्याने १९९४ मध्ये गेम प्रोग्रॅमिंगचा वर्ग सुरू केला. १९९६ मध्ये तिला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात पदवी देण्याची परवानगी मिळाली. त्या पदवीचे नाव होते ‘रिअल-टाइम इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन’. ‘गेम’ हा शब्द त्यात औषधालाही नाही. स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या ॲबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये संगणकीय गेमची पदवी सुरू केली. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राचे रँडी पॉश आणि नाट्यविभागाचे डॉन मरिनेली यांनी मिळून एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटर स्थापन केले. या विषयाला नेमक्या कोणत्या विभागात बसवायचे, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही. त्यामुळे एकाच नावाची पदवी एका ठिकाणी संगणकशास्त्राकडे, दुसरीकडे ललित कलांकडे, तर तिसरीकडे चित्रपट विभागाकडे असते. विज्ञानाच्या पदवीत सदिश (व्हेक्टर), आव्यूह (मॅट्रिक्स) आणि सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा यांचा भार असतो. कलेच्या पदवीत रेखाटन, कथन आणि माध्यमसिद्धांत यांचा. अर्ज करणाऱ्याने पदवीच्या नावापेक्षा विषयांची यादी वाचणे शहाणपणाचे.

पहिल्या सत्रात अनेक ठिकाणी संगणक बाजूलाच राहतो. विद्यार्थ्यांच्या हाती पुठ्ठा, सोंगट्या, फासे आणि कोरी पाने येतात. वर्गात हमखास शोभणारा एक सराव असा : सापशिडी घ्या आणि तीत खेळाडूला निर्णय घ्यायला लावा. सापशिडीत खेळाडू काहीच ठरवत नाही, फासा ठरवतो. मग कोणी दोन फासे टाकून एक निवडायची मुभा देतो, तर कोणी दुसऱ्याच्या सोंगटीला सापाच्या तोंडी ढकलू देतो. पहिला बदल विचार आणतो, दुसरा वैर आणतो, आणि दोन्हींत पट तोच राहतो. कागदावरचा नमुना तासाभरात तयार होतो आणि पाच मिनिटांत फाडता येतो; आठवडाभर खपून लिहिलेला कोड फेकताना मात्र हात धजावत नाही.

सिद्धांताच्या बाजूला रॉबिन हनिकी, मार्क लब्लांक आणि रॉबर्ट झुबेक यांनी २००४ मध्ये मांडलेली त्रिस्तरीय चौकट जगभर शिकवली जाते. पहिला थर नियमांचा, दुसरा ते नियम चालू झाल्यावर घडणाऱ्या वर्तनाचा, तिसरा खेळाडूच्या मनात उठणाऱ्या भावनेचा. डिझायनरचा हात फक्त पहिल्या थरापर्यंत पोचतो, खेळाडूला मात्र तिसराच जाणवतो. ‘मारिओ कार्ट’ या शर्यतीच्या गेममध्ये मागे पडलेल्याला पुढच्यापेक्षा प्रभावी वस्तू मिळतात. नियम एवढाच, पण त्याने शर्यत शेवटपर्यंत अटीतटीची राहते आणि आघाडीवरच्याला धाकधूक लागते. पुढे असलेल्यालाच आणखी बळ देणारा नियम केला तर निकाल लवकर ठरतो आणि उरलेला वेळ बाकीचे खेळाडू जांभया देतात. याखेरीज संभाव्यता, मानसशास्त्र, लेव्हलची आखणी, संवादलेखन आणि गेमचा इतिहास हे विषय असतात. आकड्यांचे संतुलन, म्हणजे कोणत्या शस्त्राची किंमत किती आणि घाव किती, हे काम मुख्यतः स्प्रेडशीटमध्ये चालते. इंजिन, म्हणजे गेम उभारण्याचे तयार सॉफ्टवेअर, म्हणून युनिटी, अनरिअल आणि मुक्तस्रोत गोडो यांचा वापर होतो. इंजिनांचे बारकावे बदलत राहतात, म्हणून एकाच इंजिनाची बटणे पाठ करून घेणारा अभ्यासक्रम लवकर शिळा होतो.

या शिक्षणाचा खरा गाभा प्लेटेस्ट, म्हणजे अर्धवट गेम परक्या माणसाला खेळायला देऊन बघणे, हा आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील ट्रेसी फुलर्टन यांनी खेळाडूच्या अनुभवाला केंद्रस्थानी ठेवणारी जी पद्धत मांडली, तिचा कणा हाच. नियम साधा आणि पाळायला महाकठीण : डिझायनरने गप्प बसायचे. खेळाडू दार उघडे असूनही भिंतीवर डोके आपटत राहतो, शिकवणीची पाटी न वाचता पुढे जातो, डिझायनरचा लाडका कोपरा बघतही नाही. पहिल्या वेळी विद्यार्थ्याच्या तोंडून ‘अहो, तिकडे नाही, इकडे’ असे निघतेच. पण गेम विकला गेल्यावर प्रत्येक घरी डिझायनर शेजारी बसणार नसतो. म्हणून कुठे अडखळला, किती वेळ, चेहरा कधी पडला, हे टिपून ठेवायचे. खेळाडूने सुचवलेला उपाय बहुधा चुकीचा असतो, त्याची तक्रार मात्र खरी असते. या दोहोंना वेगळे करणे हे कसब व्याख्यानातून येत नाही. शिवाय गेम पहिल्यांदा पाहणारा माणूस एकदाच मिळतो. दुसऱ्या फेरीला तो जाणकार झालेला असतो आणि नवख्याची चूक त्याच्याकडून होत नाही, त्यामुळे नवे चेहरे सतत शोधावे लागतात.

पुढच्या वर्षांत गटप्रकल्प येतात. डिझायनर, प्रोग्रॅमर, चित्रकार आणि ध्वनिकार एकत्र येऊन एक-दोन सत्रांत एक पूर्ण गेम तयार करतात. प्रकल्प बुडतात ते बहुधा कल्पना कमी पडल्यामुळे नव्हे, तर ती फार मोठी असल्यामुळे. शंभर बेटांचा गेम योजला जातो आणि अखेरच्या आठवड्यात एक बेट कसेबसे उभे राहते. काय कापायचे हे लवकर ठरवता येणे ही वेगळीच हुशारी. तिची रंगीत तालीम गेम जॅममध्ये होते : ठरलेला विषय ऐनवेळी मिळतो आणि दोनेक दिवसांत खेळता येईल असे काही तरी उभे करायचे. २००९ पासून भरणारा ग्लोबल गेम जॅम त्यातला सर्वांत परिचित.

विद्यार्थी-प्रकल्पांतून थेट बाजारात पोचलेली उदाहरणे थोडी, पण ठळक आहेत. डिजिपेनच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नारबॅक्युलर ड्रॉप’ केला. भिंतींवर दोन जोडद्वारे उघडायची, एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचे, ही त्याची कल्पना. व्हॉल्व्ह कंपनीने तो गट नोकरीवर घेतला आणि २००७ मध्ये त्याच कल्पनेवरचा ‘पोर्टल’ आला. दुसऱ्या एका गटाच्या रंग फवारण्याच्या गेमवरून ‘पोर्टल २’मधील उसळवणारे आणि पळवणारे द्राव आले. सदर्न कॅलिफोर्नियात जेनोव्हा चेन यांनी २००६ मध्ये पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून ‘फ्लो’ सादर केला. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांच्या तल्लीनतेच्या सिद्धांताला धरून त्यात अवघडपणा किती हवा हे खेळाडूच खेळता खेळता ठरवतो. चेन पुढे ‘जर्नी’ या गेमसाठी गाजले. या तिन्ही विद्यार्थी-प्रकल्पांत साम्य हे की प्रत्येकात एकच कल्पना आहे आणि ती शेवटपर्यंत तपासलेली आहे. विद्यार्थ्यांच्या गेमची मालकी कोणाची, याचे नियम मात्र संस्थेगणिक वेगळे असतात. काही संस्था हक्क स्वतःकडे ठेवतात. सही करण्यापूर्वी हे कलम वाचावे.

परीक्षण हा या शाखेचा नाजूक भाग. मजा येते की नाही यावर गुण द्यायचे तर परीक्षकाची आवडनिवड आड येते, आणि धाडसी पण फसलेला प्रयोग करणारा मार खातो. म्हणून गुण बहुधा प्रक्रियेला दिले जातात : किती आवृत्त्या झाल्या, चाचणीत काय दिसले, त्यावरून काय बदलले.

पदवीशिवाय चालत नाही का, हा प्रश्न रास्त आहे. ‘मारिओ’चे जनक शिगेरू मियामोतो औद्योगिक डिझाइन शिकले होते, आणि ‘सिमसिटी’चे कर्ते विल राइट यांनी पदवी पूर्ण केलीच नाही. पण त्यांच्या काळी असा अभ्यासक्रमच नव्हता, तेव्हा ही उदाहरणे वाटतात तितकी निर्णायक नाहीत. अडचण वेगळीच आहे : निव्वळ डिझायनरच्या नवख्या जागा मुळात कमी, आणि २०२३-२४ मध्ये उद्योगात मोठी नोकरकपात झाल्यावर अनुभवी माणसेही त्याच रांगेत आली. म्हणून सोबत प्रोग्रॅमिंग, लेव्हलची बांधणी किंवा लेखन यांपैकी एक काम हातात असलेला पदवीधर तुलनेने लवकर रुजू होतो. मुलाखतीत पदवीपत्रापेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामांचा संग्रह, पाहिला जातो. त्यात दहा अर्धवट गेमपेक्षा दोन पूर्ण झालेले छोटे गेम बरे, आणि गटाच्या कामात स्वतःचा वाटा नेमका कोणता होता हे स्पष्ट लिहिलेले असावे. टाकून दिलेल्या आवृत्त्या आणि त्या का टाकल्या याच्या नोंदीही त्याच पानावर ठेवतात.