आयर्लंडचा फुटबॉल संघ एकच नाही

‘आयर्लंडचा फुटबॉल संघ क्रिकेट आणि रग्बीसारखाच अख्ख्या बेटाचा एकच असतो’ असे अनेक वर्षे फिरणाऱ्या एका संदेशात लिहिलेले असते. त्याच आधारावर कुठल्याही आयरिश फॉरवर्डचे गोल एकाच खात्यात मांडले जातात. गैरसमज स्वाभाविक आहे, कारण क्रिकेट आणि रग्बीत खरोखरच एक संघ आहे आणि फुटबॉलमधले आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड हे दोन्ही संघ हिरवीच जर्सी घालतात.

फुटबॉलमध्ये मात्र १९२१ साली डब्लिनमध्ये (आजच्या प्रजासत्ताकाची राजधानी) वेगळी संघटना उभी राहिली आणि बेलफास्टची (उत्तर आयर्लंडची राजधानी) जुनी संघटनाही चालूच राहिली. गुंतागुंत अशी की दोघीही ‘आयर्लंड’ याच नावाने संघ उतरवीत, त्यामुळे १९५० पर्यंत काही खेळाडू दोन्हीकडून खेळले. अशा जुन्या फॉरवर्डचे आकडे वाचताना गोंधळ होतो तो इथेच.

पडताळणी सोपी आहे. १९९४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा गटतक्ता उघडावा. त्यात आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड एकाच गटात दिसतात. नोव्हेंबर १९९३ मध्ये बेलफास्टला त्यांचा सामना १–१ असा बरोबरीत सुटला आणि प्रजासत्ताकाला अमेरिकेत होणाऱ्या त्या विश्वचषकाचे तिकीट मिळाले. एकच संघ स्वतःशी कसा खेळेल?

जन्मस्थळावरून मात्र संघ ठरवू नये. बेलफास्टमध्ये जन्मलेला फॉरवर्ड आयरिश नागरिकत्वाच्या आधारे डब्लिनच्या संघाकडून खेळू शकतो, आणि आजी-आजोबा आयर्लंडचे असल्यास इंग्लंडमध्ये जन्मलेलाही. म्हणून गोल मोजण्याआधी सामन्याच्या नोंदीत संघाचे पूर्ण नाव पाहावे.