गोधडी की रजई? दान द्यायला शिवायच्या आधी

लालबागच्या आमच्या चाळीत दर गुरुवारी दुपारी आम्ही दहा-बारा जणी तळमजल्यावरच्या खोलीत शिवायला बसतो. गोधड्या, दुपटी, उशांचे अभ्रे, पेशंटच्या फायली ठेवायला कापडी पिशव्या. शिवलेलं सगळं आसपासच वाटलं जातं. परळ इथून चालत गेलं तरी जवळ. टाटा, केईएम, वाडिया ही सगळी रुग्णालयं तिथे एकमेकांना लागून आहेत, आणि देशभरातून आलेली माणसं तिथे महिनोन्‌महिने राहतात. कुणाला धर्मशाळेत जागा मिळते, कुणाला फुटपाथवर पथारी टाकावी लागते.

पहिल्याच वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. एका ठिकाणाहून फोन आला, "रजया मिळतील का हो, वीसेक?" आम्ही पुढे काही विचारलंच नाही. नवा कापूस आणला, पिंजून घेतला, छान फुलाफुलाचं कापड घेतलं आणि जमतील तेवढ्या म्हणजे बारा रजया भरून डिसेंबरात पोचवल्या. जुलैत मी सहज तिकडे गेले, तर त्यातल्या नऊ माळ्यावर टाकलेल्या. खाली काढून बघितल्या तर कापडावर काळे ठिपके, आणि तो कुबट वास. एका आजोबांना रात्री उलटी झाली म्हणून पहिली रजई धुतली होती, ती आठ दिवस वाळलीच नाही. मग एकेक करत बहुतेक सगळ्यांची तीच गत झाली. तिथल्या ताई फार संकोचून म्हणाल्या, "आम्हाला गोधड्याच हव्या होत्या हो. आमच्याकडे सगळे त्याला रजईच म्हणतात."

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पैसा गेला म्हणून नव्हे. आम्ही इतक्या जिवानं केलेली वस्तू ज्याच्यासाठी केली त्याच्या अंगाला लागलीच नाही, म्हणून. तेव्हापासून कुणी "आम्हालाही दान द्यायला शिवायचंय" म्हटलं की मी आधी या दोन वस्तूंचं बोलते.

गोंधळ शब्दांपासूनच सुरू होतो. आमच्याच चाळीत सातारकडच्या आजी गोधडीला वाकळ म्हणतात. शेजारच्या गुजराती बेन "गोदडुं" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कापूस भरलेलं जाड पांघरूण असतं, म्हणजे आपली रजई. हिंदीत गुदडी म्हटलं की चिंध्यांचं काहीतरी. दुकानात जावं तर दोन्हींवर "क्विल्ट" लिहिलेलं, आणि हल्ली "गोधडी" म्हणून जे विकतात त्यातल्या बऱ्याच मालात दोन छापील कापडांच्या मधे पॉलिएस्टरचा पातळ थर असतो. वरून मशीनच्या शिवणी मारल्या की दिसायला गोधडीच.

फरक ओळखायचा तर कडेचा भाग चिमटीत धरा. गोधडीत सगळं कापडच कापड असतं. साडी, धोतर, चादर असे चार-पाच थर एकावर एक, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत धावदोऱ्यानं एकमेकांना बांधलेले. चिमटीत ती घट्ट, भरीव लागते, थर एकमेकांवर सरकत नाहीत. रजई म्हणजे खोळ. दोन कापडांची पिशवी, आत पिंजलेला कापूस, आणि तो जागचा हलू नये म्हणून वीतभर अंतरावर घातलेले टाके. चिमटीत ती दबते आणि सोडली की फुगते. गोधडीत टाका हाच तिचा जीव, रजईत कापूस. बाकीचे सगळे फरक यातूनच येतात.

आता धुण्याचं बघा. गोधडी भिजली की भिजलेल्या पाच साड्यांसारखी जड होते, पण दोघींनी पिळली की पाणी निघतं. गॅलरीच्या कठड्यावर टाकली, मधे एकदा उलटी केली, की उन्हाळ्यात दिवसात वाळते आणि पावसाळ्यात पंख्याखाली दोन-तीन दिवसांत. हवा थरांमधून खेळते. रजईतला कापूस मात्र स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो आणि ते सोडत नाही. वाळली तरी आत गोळे होतात. पूर्वी पिंजारी धुनकी वाजवत दारावर यायचा, खोळ उसवून कापूस पुन्हा पिंजून द्यायचा, ऊन दाखवून रजई परत भरली जायची. ती व्यवस्था असताना रजई टिकायची. धर्मशाळेत खोळ उसवून कापूस पिंजून कोण आणणार? त्यात मुंबईची हवा. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत वाळत घालायला एक दोरी. केमोथेरपी चाललेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, प्रतिकारशक्ती उतरलेली असते. त्याच्या नाकाशी बुरशी धरलेला कापूस नेणं म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, धोका आहे.

ऊब म्हणाल तर रजई सरस, यात वाद नाही. फुगलेल्या कापसात अडकलेली हवा थंडी आत येऊ देत नाही. पण मुंबईत ऐन जानेवारीत सरासरी किमान तापमान १६-१७ अंश असतं. एवढ्याला रजई लागत नाही. इथल्या माणसाला खरं काय लागतं ते परळच्या फुटपाथवर रात्री नऊनंतर बघा. पांघरायला काहीतरी असतंच. नसतं ते खाली घालायला. फरशी, सिमेंट, फार तर पुठ्ठा. गोधडी खाली घातली तर अंथरूण, वर घेतली तर पांघरूण, घडी केली तर उशी, आणि गाडीत बसताना गुंडाळून बोचकं. रजई खाली घातली की महिन्याभरात कापूस दबून तिची चटई होते.

म्हणून आता फोन आला की आमच्या मंडळाच्या काकू पहिला प्रश्न विचारतात, "अंगावर घ्यायला हवंय की अंगाखाली?" दुसरा प्रश्न, "धुणार कोण आणि वाळत कुठे घालणार?" एवढ्या दोन उत्तरांवर काय शिवायचं ते ठरतं. समोरच्यानं कोणता शब्द वापरला याला मग महत्त्व राहत नाही.

कापडाचा हिशोब सांगते, कारण नव्यानं शिवणाऱ्या जणी इथेच अडतात. सुती साडीचा पन्हा साधारण ४५ इंच आणि लांबी साडेपाच मीटर, म्हणजे जवळजवळ १८ फूट. साडेसहा फुटाचे दोन तुकडे कापले की पाच फूट उरतं. दोन साड्यांचे असे चार थर होतात, आणि उरलेले दोन तुकडे जोडून त्यातूनच पाचवा. पन्ह्याला कुठेही सांधा न देता पावणेचार फूट रुंद, साडेसहा फूट लांब, एका माणसाची गोधडी. आमच्या काट्यावर ती सव्वा किलोच्या आसपास भरते. घरातल्या डबल बेडच्या मापाची शिवू नका, हा माझा आग्रह आहे. ती पसरायला धर्मशाळेच्या दोन खाटांमधे जागा नसते, आणि भिजल्यावर एकट्या बाईला ती उचलत नाही.

कापड सुतीच घ्या. सिंथेटिक साडी घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि विडीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. जुनं कापड चालतं. चालतं म्हणजे काय, जुनंच चांगलं, मऊ पडलेलं. पण जीर्ण झालेलं नको. दोन्ही हातांनी ताणून बघायचं, टर्रकन फाटलं तर ते मधल्या थरातसुद्धा घालू नये. बोहारणीनं घेतलं नाही म्हणून दानाच्या पिशवीत आलेलं कापड आम्ही सरळ बाजूला काढतो. शिवण्याआधी सगळं गरम पाण्यात धुवा, म्हणजे आटायचं ते आटेल आणि रंग जायचा तो जाईल. आणि शिवून झाल्यावर डांबराच्या गोळ्या घालून ठेवू नका, त्या वासानं आजारी माणसाला मळमळतं. कडुनिंबाचा वाळलेला पालासुद्धा आम्ही देताना झटकून काढतो.

शिवायचं कसं, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत आणि ती मिटणार नाहीत. सातारकडच्या आजी कडेनं सुरुवात करतात आणि गोल गोल फिरत मध्यापर्यंत येतात. कोकणातल्या काकू उभ्या सरळ रांगा घालतात. मी दोघींच्या हाताखाली शिकले. आजींच्या पद्धतीत कडा दुहेरी मजबूत होतात, पण हात बसला नसेल तर मधे कापड गोळा होतं आणि फुगा राहतो. नवशिक्यांनी थर जमिनीवर अंथरून, कोपऱ्यांवर पाट ठेवून, मध्यापासून बाहेर कच्चे टाके घालावेत आणि मग सरळ रांगा धराव्यात. दोन रांगांमधे दोन बोटांचं अंतर. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घ्यायचे, ओढताना दोरा ताणायचा नाही. आजी प्रत्येक रांग संपली की तळहात फिरवतात. हाताला कुठे गाठ लागली की तेवढे टाके उसवून परत. "ज्याला पाठीवर झोपता येत नाही त्याला ती गाठ कळते," म्हणतात. पाठीला जखम झालेल्या किंवा हाडं वर आलेल्या पेशंटचा विचार त्या शिवतानाच करत असतात, आणि मला वाटतं सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण तोच. सुया मोजून काढायच्या आणि मोजून ठेवायच्या, हे तर सांगायलाच नको.

मशीनवर शिवलेली गोधडी हलक्या प्रतीची असते असं मी मानत नाही. वीस गोधड्या महिन्याभरात हव्या असतील तर मशीनला पर्याय नाही. १६ नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा आणि चारपेक्षा जास्त थर घेऊ नका. फक्त मशीनची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते, म्हणून कडेला गोट हातानं घालावा.

तान्ह्या बाळांसाठी मात्र यातलं काहीच नको. बायका हौसेनं छोट्या गुबगुबीत रजया करून आणतात. दिसतात फार गोड. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात जाड, सैल पांघरूण ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते तोंडावर आलं तर बाळाला बाजूला करता येत नाही. बाळासाठी मऊ सुती दुपटं, एका किंवा दोन थरांचं, गुंडाळण्यापुरतं. आणि कुठल्याही रुग्णालयात थेट वॉर्डात नेऊन देऊ नका. आधी तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन काय चालतं, काय चालत नाही ते विचारा. त्यांचे नियम पेशंटच्या भल्यासाठीच असतात.

शिवायला वेळ नसेल पण कपाटात सुती साड्या पडल्या असतील तर त्याही उपयोगी पडतात. १९९९ मध्ये सुरू झालेली 'गूंज' ही संस्था वापरून झालेल्या कापडापासून सुजनी करून घेते. सुजनी म्हणजे बिहारकडची आपल्या गोधडीची बहीणच. तिकडे बंगालात कांथा. हे मला माहीत होतं, पण ते खरं कळलं परळला. मुलाच्या उपचारासाठी आलेल्या एका बाईंच्या हातात गोधडी दिली तर त्यांनी ती उलटी करून मागचे टाके बघितले, बोटांनी एक रांग चाचपली आणि "सुजनी!" म्हणाल्या. मग बराच वेळ आईबद्दल बोलत राहिल्या. मागची बाजू बघण्याची ही सवय शिवणाऱ्या बायकांची. रजई कुणी उलटी करून बघत नाही.

गाडगे महाराजांचं इथे आठवतं. अंगावर चिंध्या जोडलेली वस्त्रं, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात.

रजई शिवूच नये असं माझं म्हणणं नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, नाशिक-निफाडकडे हिवाळ्यात गोधडीनं भागत नाही. तिथे ऊन कोरडं असतं, अंगण असतं, रजई वाळते. तिकडे पाठवायची असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास द्या, आणि वर काढता-घालता येईल अशी सुती खोळ शिवून द्या, म्हणजे रजई न भिजवता खोळ तेवढी धुता येते. आम्ही आता रजईसोबत दोन खोळी देतो.

त्या माळ्यावरच्या नऊ रजया आम्ही परत आणल्या. काळी पडलेली कापडं आणि कापूस टाकून द्यावा लागला. माळ्यावर न गेलेल्या तिघींपैकी धुतलेली पहिलीही गेलीच होती, दोन मात्र धड राहिल्या होत्या. त्यांना खोळी शिवल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक कुटुंब उपचार संपवून गोरखपूरला परत निघालं होतं. तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी असते. दोन्ही रजया त्यांनी दोरीनं बांधून गाडीत वरच्या बर्थवर ठेवल्या, आणि इथे वापरलेली गोधडी मात्र धुऊन, वाळवून, घडी करून आमच्या हातात दिली. पुढच्या कुणाला तरी द्या म्हणून.