झुडूप गवताचा वाटेकरी की राखणदार?

डोंगरी कुरणांत बरीच वर्षं एकच हिशेब चालला: ओल, ऊन आणि नत्र मोजकं, म्हणजे गवताशेजारचं झुडूप वाटेकरीच. क्लेमेंट्स, वीव्हर आणि हॅन्सन यांनी १९२९ साली वनस्पतींमधल्या स्पर्धेवर सविस्तर ग्रंथ काढला, त्याने या विचाराला बळ दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम अमेरिकेत सेजब्रशची झुडपं नांगरून किंवा २,४-डी हे तणनाशक फवारून हटवण्याचा सपाटाच लागला.

१९९४ मध्ये बर्टनेस आणि कॅलवे या पर्यावरणशास्त्रज्ञांनी उलट बाजू मांडली: परिस्थिती जितकी खडतर, तितका शेजाऱ्याचा आधार मोठा. २००२ मध्ये ११ पर्वतीय ठिकाणी, ११५ प्रजातींवर याची परीक्षा झाली. शेजारी काढल्यावर खालच्या उंचीवरची रोपं साधारणपणे फोफावली, वरची खुरटली. वर थंडी आणि वाराच मारतो, तिथे आडोसा महत्त्वाचा. खाली भांडण ओलीचं आणि उजेडाचं.

शेजाराचा फायदा-तोटा मोजणं सोपं वाटतं. सारख्या आकाराच्या रोपांच्या जोड्या निवडायच्या, प्रत्येक जोडीतल्या एकाभोवतालची झाडं काढायची, हंगामाअखेर दोन्ही कापून, वाळवून तोलायची. शेजाऱ्यांसहच्या वजनातून एकट्याचं वजन वजा करून दोन्हींच्या बेरजेने भागायचं. सहा ग्रॅम आणि चार ग्रॅम असतील तर उत्तर अधिक ०.२, म्हणजे शेजार फायद्याचा. गोची शेजारी काढण्यातच आहे. शेजारी उपटला तर माती उकरली जाते आणि जपायच्या रोपाची मुळंही तुटतात. जमिनीलगत कापला तर त्याची मुळं कुजून नत्र सोडतात, एकट्या रोपाला फुकटचं खत मिळतं आणि स्पर्धा होती त्यापेक्षा मोठी दिसते. एकाच हंगामाच्या आकड्यांवर तर विसंबूच नये. ओलं वर्ष आणि कोरडं वर्ष वेगळं बोलतं.

वाऱ्याथंडीइतकीच चरणारी तोंडंही महत्त्वाची. हिमाचल प्रदेशातल्या स्पितीतलं कॅरगाना हे बुटकं, काटेरी, शेंगवर्गीय झुडूप. मुळांवरच्या गाठींमुळे त्याच्याजवळ नत्र वाढतं आणि काट्यांत शेळ्यामेंढ्यांचं तोंड नीट पोचत नाही, म्हणून उघड्यावर बुडख्यापर्यंत खाल्लं जाणारं गवत तिथे बी धरू शकतं. सरपणासाठी हे झुडूप मुळासकट खणलं की हा बियांचा साठाही जातो.

तरी 'जितकं उंच तितकी मदत' हा सरसकट नियम नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या वायव्य हिमालयातल्या अभ्यासात, पाच हजार मीटरच्या वरही, थायलॅकोस्पर्मम या गादीसारख्या वनस्पतीचा इतरांना आधार मिळताना दिसला नाही. तिची गादी दगडासारखी टणक असते, आणि तिथे थंडीबरोबर कोरडेपणाही टोकाचा. ओलच नसेल, तर आडोसा देणाराही शेवटी पाण्याचा वाटेकरी ठरतो.