मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नाहीये

गोव्यात साखळी-वाळपई साइडला बंदुकीचे लायसन्सवाले भेटले की हमखास ऐकायला मिळतं, "मॅगझिन काढलंय रे, आता काय होत नाय". साफ चुकीचं आहे हे. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढून सोडली की मॅगझिनमधली (गोळ्यांच्या पेटीतली) वरची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खाचेत, जाऊन बसते, नंतर मॅगझिन काढून खिशात टाकलं तरी ती तिथंच असते, आणि बऱ्याच पिस्तुलांत ट्रिगर दाबला की सुटते. लोक ऑर्डर पण उलटी करतात, आधी स्लाइड ओढतात, एक गोळी बाहेर पडते, बरं वाटतं, पण मॅगझिन आत असल्यामुळे दुसरी लगेच चढलेली असते आणि मग मॅगझिन काढून म्हणतात झालं! आधी मॅगझिन, मग स्लाइड मागे लॉक करून चेंबरमध्ये बघायचं, करंगळीने चाचपायचं, आणि नळी कधीच माणसांकडे नको, बोट ट्रिगरवर नको. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये, म्हणजे शस्त्र परवान्याच्या सरकारी नियमांत, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट ठेवलंय ते याच्यासाठीच, कृपा करून नुसता कागद म्हणून घेऊ नका. आणि रानडुकरांपासून बागायत राखायला डबल बॅरल (दोन नळ्यांची बंदूक) असेल, तर ती उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसलाच पाहिजे, घरात आणायच्या आधी.